देवरहाटीतल्या वाटेवरचा साकव नव्याने बांधायचाय. गर्डर, स्लॅब की आणखी काही?

पऱ्याकाठची:

मंडळी नमस्कार. बांधकामातलं कळणारं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, घाटाच्या अगदी पायथ्याला. देवरहाटीतून, म्हणजे देवाच्या राखीव रानातून, वर धबधब्याकडे जाणारी जुनी पायवाट गावाने निसर्गवाट म्हणून नीट केली आहे. जांभ्याच्या पायऱ्या, झाडांना नावांच्या पाट्या, बसायला कट्टे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येतात, आमच्या बचत गटाचा घावन-चटणीचा स्टॉल त्यांच्यावरच चालतो. वाटेत पऱ्या (डोंगरातून येणारा ओढा) आडवा येतो आणि त्यावरचा साकव, म्हणजे छोटा पायपूल, आता गेल्यात जमा आहे.

जुना साकव असा: मधोमध जांभ्याचा खांब, त्यावर दोन चॅनल, चॅनलवर ऐनाच्या फळ्या, दोन्हीकडे पाइपचं रेलिंग. २२ जुलै २०२१ ला, चिपळूण बुडालं त्याच पावसात, वरून एक झाड मुळांसकट वाहत आलं आणि मधल्या खांबाला अडकलं. खांब कलला. तेव्हापासून नुसती डागडुजी चाललीय. यंदा एका पाहुण्याचा पाय फळीतून गुडघ्यापर्यंत खाली गेला, नशिबाने खरचटण्यावर भागलं. रेलिंगचा पाइप बाहेरून निळा रंगवलेला, दिसायला ठणठणीत. अंगठ्याने दाबला तर अंगठा आत गेला. समितीने दोन्ही टोकांना बांबू आडवे बांधून साकव बंद केलाय. लोक बांबूखालून वाकून जातात.

चाकरमान्यांचं मंडळ आणि गाव मिळून साडेपाच लाख जमलेत. दोघांना जागा दाखवली. तालुक्याच्या गावातला फॅब्रिकेटर म्हणतो, मधला खांब काढा, १२ मीटरचे साडेतीनशेचे (३५० मिलिमीटर उंचीचे) दोन गर्डर, म्हणजे लोखंडी तुळया टाका, वर चेकर प्लेट (नक्षी उठवलेला लोखंडी पत्रा), विषय संपला. एक ठेकेदार म्हणतो, मधे काँक्रीटचा नवा खांब घेऊन स्लॅब टाकू, पन्नास वर्षं बघायला नको. गावातल्या म्हाताऱ्यांना लाकडाचाच हवाय, आणि खरं सांगायचं तर मलाही. रानात तोच शोभतो. पण देवरहाटीत कुऱ्हाड चालत नाही. पडलेलं झाड उचलायचं तरी कौल लावावा लागतो. म्हणजे लाकूड बाहेरून विकत.

मापं: पऱ्या काठापासून काठापर्यंत ९ मीटर. तळापासून डावा काठ २.२ मीटर उंच, उजवा २.९. रस्त्यापासून जागा ७०० मीटर, सगळ्या पायऱ्या आणि वळणं. ट्रॅक्टर सोडा, हातगाडी जात नाही.

काय करावं?

रानभटक्या:

ताई, तुमच्या वाटेने आलोय, घावन अजून आठवतंय. माझं मत झुलत्या पुलाला. दोन वायररोप, वर फळ्या, सामान हलकं, डोक्यावरून नेता येतं. दिसायलाही भारी, लोक मुद्दाम बघायला येतील.

एक शंका मात्र आहे. तुमच्या साकवावरून धबधबा समोर दिसतो, त्यामुळे सगळी गर्दी वरच्या अंगाच्या रेलिंगला चिकटते. सगळं वजन एका बाजूला आलं तर कुठलाही पूल तिथून बसणार नाही का?

घनमीटर:

ताई, मी निवृत्त उपअभियंता. नोकरीची बरीच वर्षं कोकणातल्या साकवांवर गेली, त्यामुळे तुमचा कललेला खांब न बघताही डोळ्यांपुढे आला.

आधी झुलत्याचं बोलतो. लोक मुद्दाम बघायला येतील हे बरोबर आहे, आणि तीच भीती आहे. झुलता पूल दिसला की माणूस तो हलवून बघतोच. शिवाय त्याचा जीव केबलमध्ये आणि केबल काठात ज्याला बांधलीय त्या नांगरात असतो, आणि या दोन्ही गोष्टी वरून दिसत नाहीत. ३० ऑक्टोबर २०२२ ला गुजरातेत मोरबीचा झुलता पूल तुटून १३० हून जास्त माणसं गेली. तिथे दुरुस्तीत चालायचा तळ नवा, अॅल्युमिनियमचा बसवला होता. मुख्य केबल जुनीच ठेवली होती. जिथे दुसरं काही पोचतच नाही तिथे झुलता बांधावा. १२ मीटरला त्याची गरज नाही.

मधला खांब, मग तो जांभ्याचा असो की काँक्रीटचा, नको म्हणजे नको. पऱ्याने तुम्हाला एकदा सांगून झालंय. घाटातल्या ओढ्याला पाण्यापेक्षा त्यातून येणारी लाकडं आणि धोंडे जास्त वाईट. खांब पन्नास वर्षं टिकेलही, पण त्याला अडकलेल्या झाडामागे पाणी तुंबून काठ फोडेल, आणि मग खांब मधे उभा आणि पऱ्या बाजूने वाहतोय असं चित्र दिसेल. हे मी पाहिलेलं आहे.

आता मला काही गोष्टी सांगा. २०२१ चं पाणी नेमकं कुठवर आलं होतं? खूण आहे का? साकवाच्या जागी पऱ्याला उतार किती? वरचं पाणलोट क्षेत्र किती, हे पोरांना गूगल अर्थवर रेघ मारून मोजायला लावा. दोन्ही काठांवर पहार मारून बघा: खण्णकन आवाज आला तर कातळ, नुसती रुतली तर जांभा नाहीतर मुरूम. जमीन सातबाऱ्यावर कुणाच्या नावे आहे? आमच्या जिल्ह्यात पुष्कळ देवरहाट्या सरकारच्या नावे लागलेल्या आहेत, तेव्हा पैसे खर्च करण्याआधी तहसीलदारांकडे कागद जाऊ दे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही लिहिलेलं नाही. तुमची सहाण, म्हणजे शिमग्यात पालखी बसते तो चौथरा, कुठल्या बाजूला आहे? शिमग्याला पालखी कुठल्या वाटेने येते?

पऱ्याकाठची:

काका, धन्यवाद. शेवटचा प्रश्न वाचून घरातले सगळे हसले, कारण त्याच्यावरूनच गावात वाद चालू आहे.

पालखी साकवावरूनच येते. देऊळ पलीकडे, सहाण अलीकडे. पूर्वी पालखी पऱ्यात उतरून यायची, शिमग्याला पाणी घोट्याएवढंच असतं. साकव झाल्यापासून वरून येते. आणि ढोल वाजत असताना खांदेकरी साकवावर सरळ चालत नाहीत, नाचवतच आणतात. पुढे-मागे जेवढी माणसं मावतील तेवढी. गेल्या शिमग्याला साकव हलला म्हणून लोकांनी आणखी शिट्ट्या मारल्या.

बाकीचं: पाण्याची खूण आहे. काठावरच्या ऐनाच्या बुंध्याला गाळाची रेघ होती, तिथे भावाने रंगाचा पट्टा मारून ठेवलाय. तळापासून १.४ मीटर. उतार म्हणाल तर पऱ्यातून वर वीस मीटर गेलं की मीटरभर चढतो. पाणलोट भाच्याने मोजलं, ८० हेक्टर. पहार उजव्या काठाला वाजते. डाव्या काठाला वर दोन हात जांभा आणि माती, त्याखाली वाजते. जमीन सरकारच्याच नावे निघाली. अर्ज दिलाय, ग्रामसभेचा ठराव जोडलाय.

घनमीटर:

उत्तम माहिती दिलीत. इतकी माहिती मला पगार घेतानाही मिळत नसे.

आधी पाणी. पश्चिम घाटाच्या पाणलोटांसाठी आपल्याकडे इंग्लिसचं सूत्र वापरतात. हे इंग्लिस साहेब खडकवासल्याच्या संशोधन केंद्राचे संचालक होते. क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये घ्यायचं, १२४ ने गुणायचं, आणि क्षेत्रात १०.४ मिळवून जे येईल त्याच्या वर्गमुळाने भागायचं. तुमच्या ०.८ ला उत्तर येतं सेकंदाला साधारण ३० घनमीटर. ९ मीटर रुंदी, विसास एक उतार आणि धोंड्यांचा तळ धरला तर एवढं पाणी जायला खोली लागते सुमारे एक मीटर. तुमची खूण १.४ वर आहे. म्हणजे गणित चुकलं असं नाही; खांबाला झाड अडकून पाणी तुंबलं, त्याची ती जास्तीची फूग असणार. तरी मी खूण धरेन, सूत्र नाही. पऱ्याने जे करून दाखवलंय ते तो पुन्हा करू शकतो.

आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्ते-पुलांचे नियम ठरवणारी संस्था) नियमाप्रमाणे सेकंदाला ३० घनमीटरपर्यंत पुराच्या पातळीवर ६०० मिलिमीटर मोकळी जागा चालते. ती नितळ पाण्यासाठी. मुळांचा पसारा घेऊन येणारं झाड त्यात मावत नाही, म्हणून दुप्पट ठेवा, १.२ मीटर. पुलाचा खालचा भाग तळापासून २.६ मीटरवर आला. उजव्या काठाला हे सहज बसतं. डाव्या काठाला पाया उचलून तीन-चार पायऱ्या चढाव्या लागतील. कुणी कुरकुर केली तर भावाने मारलेला पट्टा दाखवा.

पाये काठाच्या कडेला नकोत. कड खचते. दोन्हीकडे दीड-दीड मीटर मागे घ्या, म्हणजे गाळा (दोन टेकूंमधलं अंतर) १२ मीटरचा. फॅब्रिकेटरने हे माप बरोबर सांगितलंय. डाव्या काठाचा जांभा आणि माती काढून खालच्या वाजणाऱ्या कातळावरच बसा. कातळात फूट-दोन फूट भोकं पाडून सळ्या ग्राउटने (पातळ सिमेंटच्या भरावाने) पक्क्या करा आणि त्यावर काँक्रीट. एका टोकाला एकूण भार साडेचार टन येतो, तो कातळाला जड नाही. सळ्या वजनासाठी नाहीतच, पुराने पूल ढकलू किंवा उचलू नये म्हणून आहेत.

आता भार. आयआरसीचा भारांचा नियम, आयआरसी-६, म्हणतो, पादचाऱ्यांसाठी चौरस मीटरला ४०० किलो. जिथे यात्रा-जत्रेची गर्दी होते तिथे ५००. तुमच्याकडे पालखी आहे, तेव्हा ५००. रुंदी आतून १.२ मीटर ठेवा, जास्त नको. पालखी दोन-अडीच फुटांची, खांदेकरी दांडीच्या पुढे-मागे, सहज जाते. रुंदी वाढवली की तेवढी माणसं जास्त मावतात, आणि पुलाचं वजन माणसंच ठरवतात. १५ जून २०२५ ला, रविवारी, पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गेला, चार माणसं दगावली. पर्यटकांची गर्दी पुलावर उभी होती. 'एका वेळी दहा माणसं' असा फलक लावून कुणी मोजत बसत नाही. जेवढी माणसं दाटीवाटीने मावतील तेवढी येणारच असं धरूनच पूल बांधायचा.

रानभटक्यांची शंका चांगली आहे, पण आकडे वेगळं सांगतात. पूर्ण पूल भरला तर दर मीटरला ६०० किलो, प्रत्येक बाजूला ३००. सगळे धबधब्याकडच्या अर्ध्या रुंदीत दाटले तर वजन ३००, त्यातलं तीन चतुर्थांश त्या बाजूला, म्हणजे २२५. पूर्ण भरलेल्यापेक्षा कमीच. बाजूची तुळई यात मोडत नाही, मोडतं ते रेलिंग. नियमात रेलिंगच्या माथ्यावर दर मीटरला १५० किलोचा आडवा रेटा धरलाय. तुमचा अंगठा आत गेलेला पाइप तिथे काय करणार होता?

आणि साडेतीनशेचे गर्डर. ताकदीला पुरतात, मी तपासलं. भरल्या पुलाला मधे २९ मिलिमीटर वाकतात, तेही चालण्यासारखं. पण हादऱ्याचं काय? प्रत्येक पुलाची स्वतःची एक हलण्याची गती असते. माणूस चालताना सेकंदाला दोनेक पावलं टाकतो, नाचताना अडीच-तीन ठेके. रिकाम्या पुलाची गती याहून बरीच वर हवी. पाच हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पाच हेलकाव्यांच्या, वर असली की साधारण निर्धास्त मानतात. हे गर्डर रिकामे असताना ५.७ देतात, कागदावर पास. पण पूल माणसांनी भरला की वजन चौपट होतं आणि तीच गती उतरते २.८ वर. म्हणजे नेमकी ढोलाच्या ठेक्यावर. झोक्याला त्याच्या तालात धक्का दिला की तो वर वर जातो, तसं होईल. पूल लगेच पडेल असं मी म्हणत नाही. पण लोक शिट्ट्या मारतील, आणखी जोरात नाचतील, आणि दर शिमग्याला बोल्ट सैल होतील. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला, तो नुसत्या चालण्याने डावी-उजवीकडे हलत होता म्हणून. तिथे तर ढोलही नव्हता.

शिवाय एका गर्डरचं वजन ६२९ किलो. ७०० मीटर पायऱ्यांवरून कोण नेणार?

म्हणून माझं मत: अँगलचा (एल आकाराच्या लोखंडी पट्टीचा) ट्रस, म्हणजे त्रिकोणी कप्प्यांची जाळीदार तुळई, आणि तोच दोन्ही बाजूंचं रेलिंग. उंची १.२ मीटर, चालायचा तळ खालच्या पट्टीजवळ, म्हणजे कठडा आपोआप १.१ मीटर होतो, तेवढाच नियमात लागतो. वरची-खालची पट्टी ६५ बाय ६५ बाय ६ च्या जोड अँगलची, मधल्या उभ्या-तिरक्या ५० च्या, दीड-दीड मीटरचे आठ कप्पे. पट्टीत भरल्या पुलाला साडेपाच-सहा टनांची ओढ किंवा दाब येतो, तो हे अँगल पेलतात. उंचीमुळे ताठरपणा गर्डरच्या सहा-सातपट, भरलेला असतानाही ढोलाच्या बराच वर राहतो. एका बाजूचं लोखंड साडेचारशे किलोच्या आत, आणि चार-चार मीटरच्या तुकड्यांत बोल्टने जोडायचं, म्हणजे सगळ्यात जड तुकडा पन्नास किलोचा. दोन माणसं गप्पा मारत नेतील. तळाखाली फक्त वीतभर जाडी जाते, त्यामुळे डाव्या काठाच्या पायऱ्याही कमी.

यात एकच गोम आहे आणि ती गावाकडच्या ट्रसांत हमखास चुकते. वरची पट्टी दाबात असते आणि तिला वर काही आधार नसतो, त्यामुळे ती खाली मोडत नाही, आडवी बाहेर लचकते. तिला धरून ठेवतं ते उभ्या अँगलचं आणि तळाच्या आडव्या चॅनलचं पक्कं कोपर. दर दीड मीटरला चॅनल, उभा अँगल आणि पलीकडचा उभा अँगल मिळून ताठ 'यू' झाला पाहिजे. तिथे एक बोल्ट आणि 'होतंय की' चालणार नाही. गसेट प्लेट (सांध्यावरची जोडपट्टी) आणि किमान चार बोल्ट. चॅनल हिशोबाला ७५ चं पुरतं, तरी १०० चं घ्या.

ऊन-थंडीत १२ मीटर लोखंड चारेक मिलिमीटर कमी-जास्त होतं, म्हणून एक टोक पक्कं, दुसऱ्या टोकाच्या प्लेटला लांबट भोकं. आणि पक्क्या टोकाला वरच्या अंगाने एक वायररोप कातळात बांधून ठेवा. उद्या २०२१ हून मोठं काही आलं, तर पूल वाहून न जाता काठाला लागून पडेल. चार अँगल बदलून पुन्हा उभा करता येईल.

लाकूड? म्हाताऱ्यांचा मान राखायला काठावरचे कट्टे लाकडाचे करा.

वेल्डिंगवाला कुडाळकर:

काकांशी सहमत, पण दुकानातल्या चार गोष्टी मी सांगतो.

तुमच्याकडे रंग टिकत नाही. हॉट डिप गॅल्व्हनाइजच करा, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून घ्या. पाच मिलिमीटरच्या वरच्या लोखंडाला चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त लागतं, प्लांटवाल्याकडून तसं लिहून घ्या. चार मीटरचे तुकडे टाकीत आरामात बसतात. पण क्रम चुकवू नका. आधी कारखान्यात सगळी भोकं पाडायची, पूर्ण ट्रस जमिनीवर आडवा मांडून जोडून बघायचा, प्रत्येक तुकड्यावर नंबर ठोकायचा (खडूने लिहू नका, पंचाने ठोका), मग उघडून गॅल्व्हनाइजला पाठवायचा. गॅल्व्हनाइज झाल्यावर साइटवर 'एक भोक जुळत नाही, जरा वेल्डिंग मारतो' म्हणणाऱ्याला हाकला. वेल्ड मारला तिथलं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. नट-बोल्टही गॅल्व्हनाइजच. गसेटमध्ये पाणी साचेल असा खळगा ठेवू नका.

पाइप वापरू नका हे काकांनी सांगितलं नाही, मी सांगतो. पाइप आतून गंजतो आणि बाहेरून कळत नाही. अँगल सगळीकडून दिसतो.

चेकर प्लेट कोकणात पावसात म्हणजे घसरगुंडी. त्यावर शेवाळ धरतं. लाकडी फळीवर तर त्याहून वाईट. एफआरपीची (फायबरच्या प्लास्टिकची) ग्रेटिंग, म्हणजे जाळीचा तळ, घ्या, ३८ मिलिमीटर जाडीची, वर खरखरीत वाळू बसवलेली मिळते. पाणी गळून जातं, गंज नाही, वजन कमी, करवतीने कापता येते. खाली लांबीच्या दिशेने तीन अँगल द्या म्हणजे दबणार नाही. ट्रसच्या तिरक्यांमधून पोर बाहेर जाऊ शकतं, तिथे आतून वेल्डमेश लावा, भोक चार इंचांहून मोठं नको.

एक विचारतो. गुरं जातात का तिथून? जाळीवर गुरं पाय ठेवत नाहीत. खालचं पाणी दिसलं की थबकतात.

पऱ्याकाठची:

जातात की! पलीकडच्या वाडीतल्या दोन घरांच्या म्हशी रोज सकाळी अलीकडे चरायला येतात. पावसाळ्यात पऱ्यातून आणता येत नाहीत. वाडीतले आजोबा मला ऐकवून गेले, "पुण्याच्या माणसांसाठी पूल, आणि माझी म्हस काय उडून येल?"

म्हैस वजनाला चालेल का? आणि जाळीचं काय करू?

अजून एक. धबधबा साकवावरूनच सगळ्यात छान दिसतो. गर्दी तिथे थांबणारच. काही उपाय?

घनमीटर:

आजोबांचं बरोबर आहे. साकव मुळात त्यांच्यासाठीच असतात, पर्यटक मागाहून आले.

म्हैस पाचशे किलोची धरा, दोन मीटर जागा व्यापते. तेवढ्या जागेला आपण बाराशे किलो धरलेत, ट्रसला कळणारही नाही. प्रश्न फक्त खुराखालचा. कुडाळकरांनी सांगितलेले तीन लांब अँगल त्यासाठी पुरे, फक्त ग्रेटिंगच्या पट्ट्या अँगलवर नीट टेकतील असं बघा आणि क्लिपा जास्त लावा. थबकण्यासाठी बारीक भोकाची ग्रेटिंग मिळते, ती घ्या. खालचं पाणी फारसं दिसत नाही. तरी म्हशी बिचकल्याच तर मधल्या दोन फुटांवर रबरी मॅट अंथरायची. पावसाळा संपला की काढून धुवायची, नाहीतर तिच्याखाली शेवाळाचं शेत.

गर्दीसाठी पुलावर काही करू नका. उजव्या काठाला तुम्ही म्हणता तसा वाजणारा कातळ आहे. पुलापासून दहा-पंधरा मीटर वरच्या अंगाला, पूररेषेच्या वर, धबधबा पुलापेक्षा थोडा जवळून दिसेल अशी जागा शोधा. तिथे भक्कम कठडा, दोन कट्टे, आणि तुमच्या घावनांचा स्टॉल तिथेच हलवा. माणूस खाणं आणि फोटो जिथे एकत्र मिळतात तिथे थांबतो. पुलावर थांबणारे संपणार नाहीत, पण निम्मे होतील. थांबले तरी ५०० किलोत बसतात.

रानभटक्या:

झुलत्याचा माझा हट्ट मागे. पण काका, हे सगळं ताईंनी छापून फॅब्रिकेटरला दिलं तर तो बांधेल ना?

घनमीटर:

नाही, आणि देऊही नका. मी लिहिलंय ते दिशा कळावी म्हणून, ड्रॉइंग नव्हे. मी निवृत्त, माझी सही चालत नाही आणि जागाही मी पाहिलेली नाही. रत्नागिरी किंवा चिपळुणातला नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा, त्याला कातळ दाखवा, त्याच्या सहीचं ड्रॉइंग घ्या. साडेपाच लाखांत तेवढी फी बसते. सरकारी जमिनीवर काम आहे, तो कागद पुढे लागणारच. त्याला माझ्यापेक्षा वेगळं वाटलं तर त्याचं ऐका, फक्त भरलेल्या पुलाची फ्रिक्वेन्सी (ती हलण्याची गती) काढली का एवढं विचारा. पुष्कळजण रिकाम्याची काढून थांबतात.

वेळेचं सांगतो. पाये आत्ता डिसेंबर-जानेवारीत, पाणी कमी असताना. तोवर कारखान्यात ट्रस. शिमग्याला चाकरमानी आले की तुकडे त्यांच्याकडून वाहून घ्या, त्यांनीच पैसे दिलेत, त्यांना आवडेल. पण या शिमग्याला पालखी नव्या साकवावरून न्यायची घाई करू नका, यंदा ती पूर्वीसारखी पऱ्यातून येऊ दे. जोडणी शिमग्यानंतर, पाऊस सुरू व्हायच्या आत.

खुला करण्याआधी भार टाकून बघा, इंजिनिअरला समोर उभा करून. वाळूची पोती वाहत बसू नका. २०० लिटरची रिकामी पिंपं गोळा करा, ३६ लागतील. दोन-दोनच्या ओळीत पुलावर मांडा आणि वरून पाइपने पाणी सोडा. पऱ्या आटायच्या आत हे उरका. ३६ पिंपं भरली की ७,२०० किलो होतात, तोच आपला पूर्ण भार. भरण्याआधी दोन्ही टोकांना ताणून दोरी बांधा आणि मधे पट्टीने मोजा. गणिताने पाचेक मिलिमीटर खाली जायला हवा, बोल्ट बसताना एक-दोन जास्त. रात्रभर ठेवा, सकाळी पिंपं उपडी करा आणि परत मोजा. पहिल्या जागी आला नाही, दोन-तीन मिलिमीटर खालीच राहिला, तर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा आणि तीच पिंपं पुन्हा भरा. दुसऱ्यांदाही खाली राहिला तर साकव उघडू नका, आधी ती 'यू'ची कोपरं तपासा.

पऱ्याकाठची:

पिंपांची सोय झाली. चुलतभावाचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, त्याच्याकडे २२ आहेत, बाकी वाड्यांतून मागवते. इंजिनिअर पुढच्या आठवड्यात जागा बघायला येतोय, ऐनावरचा पट्टा भावाने पुन्हा रंगवून ठेवलाय. तहसीलदारांकडून काही कळलं की इथेच लिहीन.